गाडगं, खराटा आणि दोन घोंगड्या

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की गाडगेबाबांचे तेच एक चित्र सगळीकडे फिरू लागते. डोक्यावर खापर, अंगावर ठिगळांची वस्त्रे, हातात खराटा. खाली स्वच्छतेविषयी दोन ओळी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेली आपली माणसे १४ दिवसांनी हे चित्र एकमेकांना पाठवतात आणि २१ तारखेला विषय मिटतो. आम्हाला यंदा त्या चित्रातल्या वस्तूंकडे जरा थांबून पाहायचे आहे. याला एक कारण आहे. घरातले सामान मोजा, वर्षभर न वापरलेले काढून टाका, कमीत कमी वस्तूंत जगा, असा सल्ला देणारी पुस्तके आणि व्हिडिओ आता मराठीतही भरपूर झाले आहेत. आपली शिकलेली, फ्लॅटमध्ये राहायला गेलेली मुले ते आवडीने पाहतात. त्यात बौद्ध भिक्खूंची उदाहरणे येतात, जपानची येतात. गाडगेबाबांचे नाव मात्र कुठे येत नाही, आणि आले तरी आम्हाला शंका आहे की ते नीट समजून आले असते.

आधी त्यांच्याजवळ काय काय होते ते पाहू. मातीचे एक फुटके गाडगे, म्हणजे मडक्याचा खालचा अर्धा भाग. भाकरी त्यातच खायची, पाणी त्यातच प्यायचे, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. एक खराटा. एक काठी. चिंध्या जोडून शिवलेले अंगावरचे कापड. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. दोन पायांत दोन तऱ्हेची पायताणे, कारण ती जोडीने घेतलेली नव्हती, कोणी टाकलेली उचललेली होती. यादी इथेच संपते. विनयाने भिक्खूला आठ वस्तू ठेवायची मोकळीक दिली आहे: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे गाळणे. बाबांच्या वस्तू मोजल्या तर हिशोब जवळपास तेवढाच भरतो. पण या दोन याद्यांत एक मोठा फरक आहे. भिक्खूच्या पात्रापुढे समाज मान झुकवतो. फुटक्या गाडग्याची आपल्या देशातली गोष्ट वेगळी आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे लिहिले आहे. त्याच अध्यायात पुढे, शूद्राला ऐपत असली तरी त्याने धन साठवू नये असाही नियम आहे. म्हणजे कोणाच्या घरात कोणते भांडे असावे हा आपल्याकडे कधीच आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी आपल्या 'जातिभेद निर्मूलन' या प्रबंधात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची हकीकत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या स्थितीतल्या काही अस्पृश्य घरांतल्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. तेवढ्यावरून गावाने त्यांना मारले. मातीच्या घागरीऐवजी डोक्यावर धातूची कळशी आली, एवढाच त्यांचा गुन्हा.

वस्त्यांमध्ये काम करताना दहा बाय दहाच्या खोलीत शिरल्या शिरल्या आम्हाला मांडणी दिसते. भिंतभर ओळीने लावलेली, घासून चकचकीत केलेली स्टीलची ताटे, डबे, पातेली, पेले. त्यातली निम्मी कधी चुलीवर चढत नाहीत. बाहेरून आलेल्या पाहुण्याला, सर्वेक्षणाला आलेल्या विद्यार्थ्याला, हा भपका वाटतो. एवढ्याशा जागेत एवढी भांडी कशाला, असे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. ज्या आजीने ती मांडणी लावली, तिच्या आजीला कोणत्या भांड्यात पाणी वाढले जात होते हे ठाऊक असेल तर तो प्रश्न तोंडून बाहेर पडणार नाही. तेव्हा कमी वस्तूंत जगा हा सल्ला कोण कोणाला देतो आहे, हे पाहिल्याशिवाय आम्ही तो मानायला तयार नाही. गाडगेबाबांचे चरित्र आम्हाला या जागी उपयोगी पडते, कारण त्यांनी हा सल्ला सरसकट कोणालाच दिला नाही.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. जात परीट. दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्याच्या घरी जन्मलेल्या या माणसाने पुढे जन्मभर चिंध्या पांघरल्या. वडील झिंगराजी दारूच्या पायी लवकर गेले, तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. आजोळी गुरे राखायची, शेतात राबायचे, असे त्याचे बालपण गेले. शाळा नाहीच. अक्षरओळख नसल्याची ही खंत पुढे त्यांच्या प्रत्येक कीर्तनात उतरली.

आजोळची शेती बरी होती. मामा चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात अडकले आणि कागदांच्या खेळात जमीन हातची गेली. मामा त्या धक्क्याने खचून वारले. डेबूजी तेव्हा तरणाबांड, कष्टाळू शेतकरी होता. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तो आडवा उभा राहिला, त्यांना हुसकून लावले आणि औत धरले. चरित्रकार हा प्रसंग त्यांच्या निर्भयतेचा दाखला म्हणून सांगतात. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याने पुढे सगळे सोडले तो माणूस आधी हक्काच्या जमिनीसाठी सावकाराशी भिडलेला होता. जे आपले आहे ते लुबाडून नेऊ द्यायचे नाही, हे त्याला चांगले कळत होते. सोडणे आणि लुबाडले जाणे यांतला फरक त्याला कोणा शास्त्रात वाचावा लागला नाही.

कर्ज कशातून होते हेही त्याने घरात पाहिले होते. बारसे, लग्न, तेरवी, देवाला बोकड, जातभाईंना दारू-मटणाचे जेवण, आणि या सगळ्यासाठी सावकाराचा अंगठा. १८९२ मध्ये त्याचे कुंताबाईंशी लग्न झाले. मुलगी झाली तेव्हा बारशाला त्याने दारू-मटण बंद करून गोडाचे जेवण घातले. जातीत कुजबुज झाली. हा बदल आज किरकोळ वाटेल. आपल्या वस्तीत लग्नाला डीजे नको म्हणून पाहावे, म्हणजे तो किती किरकोळ आहे ते कळेल.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीने घर सोडले. वय २८. पुढची १२ वर्षे तो भटकला. एखाद्या गावात जायचे, कोणाच्या शेतात न विचारता काम करू लागायचे, वाट झाडायची, काटेकुटे उचलायचे, आणि मग भाकरी मागायची. काम आधी, भाकरी नंतर, हा क्रम त्यांनी मोडला नाही. हातातल्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. विदर्भात कोणी चिंधेबुवा म्हणत, आणखी कुठे गोधडेबुवा म्हणत. माणसाच्या वस्तूवरून त्याचे नाव पडावे आणि ती वस्तू मडक्याचा तुकडा असावी, हे आपल्याकडे याच एका माणसाच्या बाबतीत घडले असावे.

या वेषाकडे लोक विक्षिप्तपणा म्हणून पाहतात. आमचे मत तसे नाही. जी वस्तू एका माणसाच्या हातात मनूने शिक्षा म्हणून दिली होती, ती या परिटाने आपणहून उचलली आणि सवर्णांच्या अंगणात नेऊन उभी केली. कीर्तनाला जमलेल्या पाटला-देशमुखांना, व्यापाऱ्यांना, पुढे पुढे मंत्र्यांनाही त्या खापरासमोर हात जोडावे लागले. हात जोडलेले त्यांना आवडत मात्र नसत. पायाला कोणी हात लावू लागला की ते काठी उगारत किंवा पळत सुटत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितले.

आता त्यांनी इतरांना काय सांगितले ते. कीर्तनात ते माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. विषय ठरलेले असत: कर्ज काढून सण करू नका, देवाला कोंबडे-बकरे कापू नका, दारूला शिवू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला. शाळेवर आले की त्यांचा हिशोब अगदी घरगुती होई. जेवायचे ताट विकावे लागले तर विका आणि हातावर भाकरी घेऊन खा. बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या. घर मोडके असले तरी त्यात राहा. पण पोराला शिकवल्यावाचून राहू नका.

हा सल्ला आजच्या सामान-कमी-करा सल्ल्याशेजारी ठेवून पाहावा. मोकळ्या खोलीत बसून मनःशांती मिळवा, असे बाबांनी गरिबाला कधी सांगितले नाही. ताट विकण्याला त्यांच्या लेखी स्वतःची अशी काहीच किंमत नव्हती. ताटाचे पैसे पाटी-पुस्तकात जायला हवेत. वस्तू कमी करायची ती दुसरी मोठी वस्तू घरात यावी म्हणून, आणि ती दुसरी वस्तू अशी हवी की सावकाराला ती उचलून नेता येऊ नये. (लुगड्याचा हिशोब करताना धोतराचा हिशोब केला असता तर आम्हाला जास्त आवडले असते. घरातली काटकसर बाईच्या अंगावरून सुरू करायची सवय मोठमोठ्या माणसांनाही सुटलेली नाही.)

बाबासाहेबांनीही डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांशी बोलताना अंगावरच्या वस्तूंचाच विषय काढला होता. जातीची खूण सांगणारे जडजड दागिने उतरवा, लुगडे नीट पायघोळ नेसा, मुलींना शिकवा, असे त्यांचे म्हणणे होते. एक माणूस बॅरिस्टर, दुसऱ्याला सही करता येत नव्हती. एकाने दादरला राजगृह बांधले ते मुख्यतः पुस्तके मावावीत म्हणून, दुसऱ्याजवळ पिशवीभरही सामान नव्हते. तरी घरात काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवण्याची त्यांची कसोटी एकच निघते. त्या वस्तूने माणूस उभा राहतो की वाकतो, एवढेच ते पाहत होते.

आणि इथे तथागतांचीही साक्ष काढता येते. अंगुत्तर निकायातल्या अनण सुत्तात ते अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगतात. आपल्या घामाची, प्रामाणिक कमाई जवळ असण्याचे सुख. ती कमाई उपभोगण्याचे आणि तिच्यातून सत्कर्मे करण्याचे सुख. कोणाचे देणे नसण्याचे सुख. आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असण्याचे सुख. पहिले सुख असण्याचेच आहे. भिक्खूला आठ वस्तूंवर थांबवणारे बुद्ध गृहस्थाला रिकाम्या घराचा उपदेश करत नाहीत. दारिद्र्याला बुद्धांनी पुण्याचा मुलामा दिला नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला बजावून सांगितले आहे. हप्त्यावर गाडी, हप्त्यावर टीव्ही, लग्नासाठी बचतगटाचे कर्ज आणि ते फेडायला खाजगी फायनान्सचे कर्ज, अशा घरांची मोजदाद आम्ही रोज करतो. तिथे चार सुखांतले तिसरे सुख आधी हरवलेले असते. वस्तू घरात असते, पण तिच्यावर हक्क दुसऱ्याचा असतो.

बाबांच्या नावावर लाखोंची कामे झाली. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनपासून सुरुवात झाली. मग मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू असे धर्मशाळांचे जाळे उभे राहिले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा आहे. गावाकडून रोगी घेऊन आलेल्या नातेवाइकांना फुटपाथवर झोपावे लागू नये म्हणून ती. आमच्यापैकी ज्यांनी रुग्णालयांत समाजसेवकाचे काम केले आहे त्यांना अशा एका खोलीची किंमत सांगावी लागत नाही. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला बाबांनी जन्मभर साथ दिली. रयतने कऱ्हाडला १९५४ मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि शाळा-वसतिगृहांच्या कामाला एक घर मिळाले. या साऱ्या मालमत्तेत बाबांनी स्वतःसाठी खोली राखून ठेवली नाही. कीर्तनाच्या गावी लोकांनी दिलेले नवे कापड, घोंगडे, मिठाई तिथल्या तिथे आंधळ्या-पांगळ्यांत वाटली जाई. ट्रस्टचे कागद झाले तेव्हा आपल्या कोणाही नातेवाइकाचा या संस्थांवर हक्क राहणार नाही, हे त्यांनी स्पष्ट करून घेतले.

इथे कुंताबाईंचा विचार केल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. घर सोडण्याचा निर्णय त्यांना विचारून झालेला नव्हता. मागे राहिलेली सासू, मुली, पोटाची काळजी हे त्यांच्या अंगावर पडले. पुढे नवऱ्याच्या शब्दावर धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांच्या सुखसोयी कुंताबाईंच्या वाट्याला आल्या नाहीत. आम्ही वाचलेल्या एकाही चरित्रात बाबांच्या गाडग्या-खराट्यासारखी कुंताबाईंच्या वस्तूंची यादी नाही. त्यांच्या घरात ताट होते का, ते विकावे लागले का, कोणी विचारलेले नाही. यशोधरेवर, रमाईवर आपण निदान गाणी रचली. कुंताबाईंवर तेवढेही फारसे झाले नाही. बाबांबद्दलचा आमचा आदर यामुळे कमी होत नाही, पण एका माणसाने सगळे सोडले असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा ते धरून कोण राहिले याची नोंद त्याच पानावर हवी.

पंढरपूरच्या धर्मशाळांवरही आक्षेप घेतला जातो. मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा, चोखामेळा धर्मशाळा, अशी जातवार नावे कशाला? आक्षेप बरोबर आहे. पण ते पंढरपूर कोणते होते हेही आठवावे. चोखोबाच्या वारसांना विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आषाढीच्या पावसात महार-मांग वारकऱ्याला पाठ टेकायला कोरडी जागा मिळणे, ही त्या गावात चैन होती. बाबा स्वतः पंढरीला जात, वाळवंट झाडत, कीर्तन करत. देवळात जाण्याची त्यांना ओढ नव्हती.

तीच चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. १९४५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तेव्हा दलित मुलांच्या शिक्षणासाठी जागा शोधत होती. देवाला आलेल्या यात्रेकरूंसाठी बांधलेली इमारत मुलांच्या शिक्षणाकडे वळली. बाबांनी जन्मभर जे कीर्तनातून सांगितले, ते इथे दगड-विटांच्या हिशोबात खरे केले. एवढी मोठी वास्तू देऊन टाकताना त्यांनी हात आखडला नाही, आणि ज्याला दिली तो माणूसही पारखून निवडला.

त्या दोघांची एक भेट आपल्या घराघरांत सांगितली जाते. १९४९ च्या जुलैमध्ये बाबा आजारी होऊन मुंबईत रुग्णालयात होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री, संविधानाचे काम शेवटच्या टप्प्यात, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीला निघायचे होते. बाबांच्या एका अनुयायाने निरोप पोहोचवला. बाबासाहेबांनी निघणे रद्द केले, दोन घोंगड्या घेतल्या आणि रुग्णालय गाठले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या ठेवून घेतल्या. या प्रसंगाकडे आपण दोन महापुरुषांचे प्रेम म्हणून पाहतो, आणि ते आहेच. पण न घेण्याचे व्रत इतकी वर्षे सांभाळणाऱ्या माणसाने त्या दिवशी ते बाजूला ठेवले, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. व्रतही एक मालमत्ता होऊन बसते. अमुक घेत नाही, अमुकला हात लावत नाही, याचा तोरा मिरवणारी माणसे आपण पाहतो. ज्या हातांनी घोंगड्या आणल्या त्या हातांना रिकामे परत पाठवणे बाबांना जमले नसावे.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईला वांद्र्यात पोलिसांपुढे त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झालेले असल्यामुळे तो आवाज आजही ऐकता येतो. थकलेला आहे, पण पोरांच्या शाळेचा विषय आला की चढतो. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असताना, वलगावजवळ पेढी नदीपाशी मोटारीतच गाडगेबाबांचा प्राण गेला. जिथे मरण येईल तिथेच माती करा, माझी मूर्ती नको, समाधी नको, देऊळ नको, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे.